संगतीचा नियम

दाजी पाष्टेची गाडी माझ्या पडद्यावर आली तेव्हा मी डब्यातली भेंडी खात होते. बाहुलीची केस होती.

आमच्या पनवेलच्या केंद्रात अशा बाहुलीच्या केसेस ढिगाने येतात. लोक नवी कोरी गाडी घेतात आणि शोरूमच्या दारातच पुढच्या जाळीवर काळी बाहुली, लिंबू-मिरची आणि झेंडूचा हा भला मोठा हार लटकवतात. त्या जाळीमागेच गाडीचा डोळा असतो, म्हणजे रडार. लोखंडी तारेला ओवलेली बाहुली त्याच्यासमोर डुलायला लागली की गाडी बिचारी घाबरते आणि ओरडत सुटते, "समोर काहीतरी आहे! मी ब्रेक मारतेय!" मागच्या गाड्या विनाकारण थांबतात. नजर लागू नये म्हणून बांधलेली बाहुली गाडीलाच आंधळी करते. आता बोला!

ज्यांना हा कारभार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हल्ली रस्त्यावरची प्रत्येक गाडी सतत बोलत असते. पापणी लवायच्या आत ती आजूबाजूला सांगून मोकळी होते, मी इथे आहे, या वेगाने येतेय, आता वळतेय. रस्त्याकडेचे खांब ते ऐकतात आणि वळणापलीकडच्या गाड्यांना कळवतात. या बोलण्यावर सिग्नल बदलतात, घाटातली फाटकं उघडतात, बिनड्रायव्हरचे ट्रक वाट देतात. गाडीच्या प्रत्येक वाक्यावर तिचा शिक्का असतो, म्हणजे ते तिचंच बोलणं हे सिद्ध होतं. कुणाची गाडी कुठे फिरते ते कुणाला कळू नये म्हणून शिक्के सारखे बदलत राहतात. मालकाचं नाव उघडतं ते फक्त आमच्या टेबलावर, तेही निवाडा करण्यापुरतं.

निवाडा कशाचा? तर खोटेपणाचा. काही दीडशहाणे गाडीत गडबड करून "रुग्णवाहिका येतेय, बाजूला व्हा" असं खोटंच ओरडायला लावतात आणि मोकळ्या रस्त्याने सुसाट जातात. मग बाकीच्या गाड्या तक्रार करतात, की ही म्हणते तसलं काही आम्हाला दिसत नाही. तक्रारी साठल्या की केस माझ्यासमोर येते. माझ्यापुढे दोन बटणं असतात, एक "आजारी" आणि दुसरं "खोटारडी". आजारी ठरवली तर मालकाला निरोप जातो, बाबा रे, बाहुली काढ. खोटारडी ठरवली तर शिक्का काढून घेतला जातो. गाडी चालते, तिला कुणी अडवत नाही. फक्त तिचं कुणी ऐकत नाही.

आणखी एक कलम आहे. खोटारड्या गाडीच्या बाजूने जी गाडी साक्ष देईल तिचाही शिक्का जातो. नाहीतर चार चोर एकमेकांना साव ठरवतील. आमच्यात याला संगतीचा नियम म्हणतात आणि तो मी लिहिलाय. हुद्दार सरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, तेव्हा विचारलं होतं, "कस्तुरी, सुचलं कुठून हे तुला?"

"गावाकडून," मी म्हटलं. ते हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

तर नाव उघडलं. दाजी विठू पाष्टे, मुक्काम कोंडशेत. भेंडीचा घास तोंडातच राहिला.

दाजी पाष्टे म्हणजे आमच्या गावचा गावकर. गावकीचा शब्द म्हणजे त्याचा शब्द. मी सोळा वर्षांची असताना गावकीने एका घराला वाळीत टाकलं होतं. कारण काय, तर विहिरीच्या भांडणात ते लोक कोर्टात गेले. त्या घरची सून बाळंतपणाला अडली आणि माझ्या बाबांनी तिला आपल्या मिनिडोरमधून दवाखान्यात पोचवली. मिनिडोर म्हणजे आमच्याकडची सहा सीटांची रिक्षा. बाई वाचली, मूल वाचलं. दुसऱ्या दिवशी दाजीने चावडीवर सांगितलं, "वाळीतल्याला जो हात देईल तो पण वाळीत."

झालं! आमच्या मिनिडोरमध्ये कुणी बसेना. दुकानदार मीठ देईना. शिमग्याला देवीची पालखी गावातल्या प्रत्येक दारी नाचत येते, ती आमच्या दारापर्यंत आली आणि दाजीने आडवा हात करून वळवली. आई नारळ आणि ओटीचं ताट घेऊन अंगणात उभी होती, ती तशीच उभी राहिली. बाबांनी पोलिसांत सांगून बघितलं. कायदा आहे ना! फौजदार गावात आले तर दाजी हात जोडून म्हणतो कसा, "साहेब, आमी काय मारलं का त्याला? बोलत न्हाय, येवढाच. न बोलणं गुन्हा हाय काय?" फौजदार चहा पिऊन गेले.

पुढे भातकापणीच्या दिवसांत बाबा मला कॉलेजला सोडायला निघाले होते. चिंचघाटाच्या पायथ्याशी त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी मिनिडोर कशीबशी कडेला घेतली. मला चालवता येत नव्हतं आणि फोनला तिथे रेंज नव्हती. मी रस्त्यात उभी राहून ओढणी हलवली. गावच्या गाड्या बाजूने गेल्या. दाजीची जीप आली, जवळ येऊन हळू झाली. त्याने माझ्याकडे बघितलं, मागे सीटवर आडवे झालेल्या बाबांकडे बघितलं, आणि काच वर केली. बाबा तिथेच गेले.

त्यानंतर आईने मिनिडोर चालवायला शिकून घेतली. मी तिला शंभरदा म्हटलं, पनवेलला ये, तर म्हणायची, "तुझा बापूस हितं जळला. मी कशाला जाव? त्यांनी जावा." मिनिडोरला बॅटरी बसली, बोलायची पेटी बसली, आई साठीची झाली, पण अजून ती शेजारच्या गावांतून बाजारकरणी बायका नेते-आणते. गाव हळूहळू तिच्याशी बोलायला लागलं होतं. दाजी नाही. पालखीही नाही.

आणि आता तो दाजी माझ्या टेबलावर होता. बाहुलीसकट!

मी हात धुऊन आले, खुर्ची ओढून नीट बसले आणि "खोटारडी" दाबलं. मग उरलेला डबा संपवला. कित्येक वर्षांत असा घास गोड लागला नव्हता.

पुढचे दिवस काय सांगू! काम संपलं की मी खांबांवरचे कॅमेरे लावून बघायची. दाजीची ती चकचकीत गाडी सिग्नलला उभी, आणि सिग्नल हिरवा व्हायचं नावच घेत नाही. त्याच्या लेखी तिथे गाडीच नव्हती. चार्जिंगच्या ठिकाणी यंत्र तिला ओळख देईना. चिंचघाटाला एकपदरी बोगदा आहे, तिथल्या फाटकापुढे दाजी खाली उतरून खांबाला शिव्या देत होता. पंचाहत्तरीचा म्हातारा, पांढरं धोतर, खांबापुढे हातवारे करतोय! मी एकटीच हसत बसले.

त्याने दुरुस्तीला गाडी नेली, तर कारागीर म्हणाला गाडी ठणठणीत आहे. अर्ज केला, तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी तो खाली सरकवला. मग त्याचा पुतण्या मदतीला धावला. त्याने आपली गाडी पुढे घालून दाजीची गाडी मागे जोडून घेतली. तशी सोय असते, पुढची गाडी सांगते की मागची माझ्यासोबत आहे. दोन मिनिटांत पुतण्याचाही शिक्का आपोआप गेला. मग दुसऱ्या पुतण्याचा. तिसरा शहाणा निघाला. त्याने दाजीच्या अंगणात गाडी लावायचंच सोडलं.

आईचा फोन आला की मी मुद्दाम विचारायची, "काय म्हणतंय गाव?"

"अगो, गावकराची गाडी म्हणं बाधली," आई सांगायची. "जो तिच्या जवळ जातो त्याची पण बाधते. लोकं त्याच्या दारावरनं जात न्हाय आता. काल दुकानात आलावता, तर सगळी उठली."

"अरेरे," मी म्हटलं. "पेराल तसं उगवतं."

पलीकडे आईने कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "त्याची नातसून पोटुशी हाय. ऋतुजा. पोर चांगली हाय, येता-जाता हाक मारते मला." मी विषय बदलला.

शिमगा जवळ आला होता. भर दुपारी माझ्या पडद्यावर चिंचघाटाचं फाटक लाल झालं. बिनशिक्क्याची गाडी फाटकापुढे उभी, अशी खूण होती. मी कॅमेरा लावला. दाजीचीच गाडी! नातू चालवत होता, दाजी पुढे बसला होता. मागच्या सीटवर एक पोरगी आडवी पडून दाराच्या हँडलला लटकल्यासारखी धरून होती. तोंड उघडं होतं. आवाज मला येत नव्हता, पण ओरडत होती ते कळत होतं.

नातू उतरून फाटक हाताने ढकलायला लागला. ती पोलादी फाटकं हत्तीला हलायची नाहीत. रुग्णवाहिका निघाली होती, पण माणगावाहून यायला तिला वेळ होता. मला एक बटण दाबायचं होतं. खोटारडीचं आजारी करायचं, दोन ओळींचं कारण लिहून शेजारच्या टेबलाची संमती घ्यायची, पाच मिनिटांचं काम. दाजी गाडीतून उतरला आणि रस्त्यात उभा राहून येणाऱ्या गाड्यांना हात करायला लागला. गाड्या त्याला चुकवून तासाभराच्या वळशाच्या रस्त्याला लागत होत्या. चिंचघाटाचा पायथा तो. तीच जागा, दोन वळणं इकडे-तिकडे.

हलव हात, मी मनात म्हटलं. हलव. मी हलवला होता तसा.

आणि मी चहाचा घोट घेतला. लपवत नाही. घेतला.

तेवढ्यात खालच्या वळणावरून एक मिनिडोर वर आली. हिरवी, पुढे बाबांच्या हातची रंगवलेली कमळं. ती थांबली. आई उतरली, पदर खोचून गाडीपाशी गेली, आत वाकून बघितलं. मग दाजीला काहीतरी बोलली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ती दोघं समोरासमोर होती. पोरीला मिनिडोरच्या फळीवर हलवण्यासारखी तिची अवस्था नसावी, कारण आई परत आपल्या सीटवर जाऊन बसली आणि माझ्या पडद्यावर तिच्या पेटीचं वाक्य उमटलं. मागची गाडी माझ्यासोबत आहे.

"आई, नको!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरची मंडळी बघायला लागली.

मिनिडोरचा शिक्का चोख होता. फाटक उघडलं. मिनिडोर आत, मागोमाग दाजीची गाडी आत. फाटक बंद झालं आणि माझ्या नियमाने आपलं काम केलं. खोटारडीची साक्ष दिली म्हणून बोगद्याच्या मध्यावर मिनिडोरचा शिक्का गेला. पडद्यावरचा तिचा ठिपका विझला. खांबांच्या हिशेबी बोगदा आता रिकामा होता. रिकाम्या बोगद्याला पलीकडून हिरवा दिवा मिळतो. पलीकडे बिनड्रायव्हरचा कंटेनर उभा होता. तो निघाला.

ट्रकला स्वतःचे डोळे असतात, पण त्या बोगद्याला ऐन पोटात वळण आहे. एवढं वजन उतारावर दिसल्या दिसल्या थांबत नाही. म्हणून तर ही सगळी बोलाचाली निर्माण केली ना आपण!

शिक्का परत द्यायला कारण लिहावं लागतं आणि दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते. वेळ कुठे होता? हुद्दार सरांच्या केबिनबाहेर काचेच्या पेटीत एक लाल खटका आहे. तो ओढला की त्या पट्ट्यातल्या सगळ्या खांबांतून एकच हुकूम जातो, सगळे थांबा. डोंगर कोसळला तरच ओढायचा असं बजावलेलं. मी हाताच्या कोपराने काच फोडली आणि खटका ओढला.

घाटातली एकूण एक गाडी जागच्या जागी थांबली. बोगद्यात कॅमेरा नव्हता. मी फोन लावला. वाजत राहिला. मी बोलत होते, उचल गं, उचल गं माझे आई. अखेर तिने उचलला.

"आई! ट्रक?"

"ट्रक हाय समोर. वळणावर येऊन थांबलाय," ती धापा टाकत म्हणाली. "हात लावीन येवढा जवळ. तुला कसा कळला?"

मी खालीच बसले. कोपरातून रक्त गळत होतं.

ऋतुजाला मुलगी झाली. ट्रक मागे घेऊन आम्ही बोगदा मोकळा करून दिला, दोन्ही गाड्या दवाखान्यात पोचल्या. चौकशी बसली. हुद्दार सर भला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहुलीची केस होती ना? चुकून दुसरं बटण दाबलं असं लिही."

"चुकून नाही दाबलं," मी म्हटलं आणि तसंच लिहून दिलं. नोकरी गेली. संगतीचा नियमही काढून टाकला त्यांनी. मिनिडोरचा शिक्का परत मिळाला, दाजीच्या गाडीलाही "आजारी" ठरवून निरोप गेला, बाहुली काढा.

आईला मी स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल, ओरडेल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"माझी गाडी यायच्या आदी, ती पोर तळमळत होती, तवा तू बघत होतीस?"

"हो."

"आणि?"

"नुसती बघत बसले."

"काच वर केलीस," आई म्हणाली. "त्यानं केली तशी." आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर ती बोललीच नाही. फोन उचलायची. मी आई, आई करायची. तिच्या श्वासाचा आवाज यायचा, पाठीमागे कोंबड्या ऐकू यायच्या. शब्द नाही. गावाने वाळीत टाकलं होतं तेव्हा मी दात-ओठ खात का होईना जगले. आईचं न बोलणं मला दोन आठवडेही सोसेना. आणि राग तर असा यायचा! ज्याने बाप मारला त्याच्या नातसुनेला हिने पोचवायचं, आणि गुन्हेगार मी? फोन आपटायची आणि परत लावायची.

शिमग्याच्या दिवशी मी कोंडशेतला गेले. वाळीत टाकलेल्याला गावात परत यायचं असलं तर नारळ घेऊन पंचांसमोर उभं राहायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. आयुष्यभर मी एकच स्वप्न बघितलं होतं, की दाजी पाष्टे नारळ घेऊन आमच्या अंगणात उभा आहे. आता नारळ माझ्या हातात होता.

अंगण सारवलेलं होतं, रांगोळी घातली होती. पालखी बावीस वर्षांनी आमच्या दारी यायची होती, खालच्या आळीत ढोल वाजत होते. आई उंबऱ्यात बसून ओटीचं ताट लावत होती. आणि ओट्यावर, खांबाला टेकून, बाबा रोज जिथे बसायचे तिथे दाजी पाष्टे बसला होता. हातात आमच्या घरची कपबशी!

माझं डोकंच फिरलं. पण मी आईकडे बघितलं, पायरीशी गेले आणि नारळ तिच्यासमोर धरला. "आई," म्हटलं, "चुकलं ते त्या पोरीच्या बाबतीत. तेवढंच. बाकीचं चुकलं असं मी म्हणणार नाही."

आईने मान वर केली नाही. ढोल जवळ येत होते. दाजी खाकरला. मवाळ आवाजात म्हणाला, "रंजना, जाव दे आता. आत घे पोरीला. मी सांगतो."

मी सांगतो! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा.

आईने ताट खाली ठेवलं. "गावकर," ती म्हणाली, "तुमच्या नातवाची बायको होती म्हणून मी थांबले न्हवते. बाई अडली होती म्हणून थांबले. तुमच्या सांगण्यावर मी कुणाला बाहेर काढला न्हाय. तुमच्या सांगण्यावर आत पण घेणार न्हाय."

मग तिने हात पुढे केला आणि माझ्या हातातून नारळ घेतला. कोपरावरची पट्टी बघितली.

"अजून सुकली न्हाय ती जखम?" तिने मला विचारलं.

मी नुसती मान हलवली. आई नारळ घेऊन आत गेली, आणि आतून हाक आली, "ये, हळद लावते."

मी पायरी चढले आणि दाजीपुढे उभी राहिले.

"उठा," मी म्हटलं. "बाबांची जागा आहे ती."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दाराकडे बघितलं. आतून आई काही बोलली नाही. ढोल कोपऱ्यावर आले होते, पालखीपुढची पोरं दिसायला लागली होती, सगळा गाव येत होता. दाजीने कपबशी खाली ठेवली, गुडघ्यावर हात दिला आणि सगळ्यांच्या देखत उठून अंगणात जाऊन उभा राहिला. मग मी आत गेले.